मारायच्या आधी पट्टे मोजा: एलँथस वेबवर्म मॉथ ओळखायचा कसा

ऑगस्ट लागला की मला मेसेज यायला लागतात. कोणीतरी नुकतंच पुण्याहून नाहीतर नाशिकहून इकडे न्यू जर्सीला आलेलं असतं, अपार्टमेंटच्या दाराशी लाईटखाली भिंतीवर काहीतरी नारिंगी ठिपकेवालं बसलेलं दिसतं, मग एक हललेला फोटो येतो आणि खाली प्रश्न, "ताई, हा तोच लँटर्नफ्लाय ना? मारू का?" (लँटर्नफ्लाय म्हणजे बाहेरून आलेला तो किडा, जो दिसला की मारा असं इथे सगळ्यांना सांगतात.) एकदा तर मी मेसेज बघेपर्यंत समोरच्याने चप्पल मारूनही झाली होती, आणि नंतर तो कोण होता हे कळल्यावर त्यालाही फार वाईट वाटलं आणि मलाही. म्हणून या वेळी सगळं एका ठिकाणी नीट लिहून ठेवतेय, जे इकडे नवीन आलेत आणि ज्यांना किड्यापतंगांचं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. यासाठी काही विकत घ्यायला लागत नाही, मोबाईल असला की झालं.

ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला इथे एलँथस वेबवर्म मॉथ म्हणतात, शास्त्रीय नाव अ‍ॅटेव्हा ऑरिया. ऑरिया म्हणजे सोनेरी. मॉथ म्हणजे आपला पतंग, दिव्यावर येणारा, पण हा पतंगासारखा दिसतच नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली पायरी: रंग सोडा, आधी आकार बघा

नवीन माणूस आधी रंग बघतो आणि फसतो. या पतंगाच्या बाबतीत आधी तो बसलाय कसा ते बघायचं. आपल्या डोक्यात पतंग म्हणजे भिंतीला चिकटून पंख पसरलेला, मातकट, केसाळ. हा पंख पसरत नाही. दोन्ही पंख अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतो, विड्याचं पान गुंडाळावं तसे, त्यामुळे वरून बघितलं तर एक बारीक गोलसर नळी दिसते, पुढे डोकं आणि दोन बारीक धाग्यासारख्या मिशा. कोणाला तो भुंगेरा वाटतो, कोणाला ढेकणाच्या जातीतला किडा वाटतो, आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे कारण पंख आहेत हेच पटकन कळत नाही.

लांबी साधारण भुईमुगाच्या मोठ्या दाण्याएवढी, पण दाण्याहून बारीक. पंख उघडले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १८ ते ३० मिलिमीटर भरतात, म्हणजे पंख पसरूनही तो जेमतेम एक-सव्वा इंचाचा. तुम्ही बघताय तो प्राणी अंगठ्याएवढा असेल तर तो हा नाही, पुढचं वाचायचीही गरज नाही.

उडताना मात्र वेगळाच दिसतो. नारिंगी रंगाची गांधीलमाशी गेली असं वाटतं, कारण मागचे पंख धुरकट पारदर्शक असतात आणि उडताना तेवढेच फडफडताना दिसतात. मुलं घाबरून पळतात. घाबरायचं काही कारण नाही, त्याला नांगी नाही, तो चावतही नाही, हातावर बसला तर बसू द्या.

दुसरी पायरी: चार पट्टे मोजा

आता रंगाकडे या. फोटो काढून झूम करा, कारण नुसत्या डोळ्यांनी हे नीट दिसत नाही आणि खरं सांगायचं तर झूम केल्यावर जे दिसतं ते बघून पहिल्या वेळी मी किती तरी वेळ फोन खालीच ठेवला नव्हता.

पुढच्या पंखांचा मूळ रंग नारिंगी, चांगला भडक, झेंडूच्या नारिंगी फुलासारखा. त्यावर आडवे पट्टे आहेत. हे पट्टे एकरंगी नाहीत, प्रत्येक पट्टा म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर जवळजवळ मांडलेले पिवळसर पांढरे ठिपके. ठिपक्याभोवती काळी कड, दोन ठिपक्यांच्या मध्ये काळी रेघ, म्हणजे लांबून पाहिलं तर जाळीदार नक्षी वाटते आणि जवळून पाहिलं तर एकेक ठिपका सुटा दिसतो. असे पट्टे चार. डोक्याच्या बाजूने सुरू करा आणि शेपटीकडे मोजत जा. प्रत्येक पतंगात ठिपके थोडे कमीजास्त असतात, एखादा लांबट, एखादा दोघांचा मिळून झालेला, त्यामुळे ठिपके मोजत बसू नका, पट्टे मोजा. पंख गुंडाळलेले असल्यामुळे पट्टा दोन्ही बाजूंनी येऊन पाठीवर एकमेकाला भिडतो आणि अंगाभोवती कडं घातल्यासारखं दिसतं.

पाय पण बघा, फोटोत आले असतील तर. काळसर पायांवर पांढरे पट्टे असतात. मागचे पंख सहसा दिसत नाहीत, पण तो फुलावर वळताना किंवा उडायच्या बेतात असताना दिसलेच तर राखाडी, पातळ, आरपार दिसणारे आणि शिरा काळ्या.

नर आणि मादी वरवर सारखेच दिसतात, त्याच्यात नवख्याने वेळ घालवू नये.

एवढा भडक का, हा प्रश्न पडलाच पाहिजे. लपायचं असतं तर झाडाच्या सालीचा रंग घेतला असता. निसर्गात असा नारिंगी-काळा-पांढरा रंग बऱ्याचदा "मला खाऊ नकोस, मी कडू आहे" असं पक्ष्यांना सांगायला असतो, आणि याची अळी ज्या झाडावर वाढते ते झाड खरोखरच जहाल कडू आहे, कडुनिंबाची आठवण यावी इतकं. त्या झाडाकडे येतेच, कारण खरी ओळख तिथे पक्की होते.

तिसरी पायरी: जे नाहीयेत त्यांना बाजूला काढा

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण जीव जातात ते इथल्या चुकीमुळे.

सगळ्यात आधी स्पॉटेड लँटर्नफ्लाय. हा कीडा आशियातून आलेला, अमेरिकेत पहिल्यांदा २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडला आणि आता न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मेरीलँड असा बराच पसरलाय, द्राक्षाच्या वेलींना त्रास देतो म्हणून लोकांना सांगितलं जातं की दिसला की चिरडा. ते बरोबरच आहे. पण त्याचा मोठा किडा आपल्या पतंगापेक्षा चांगला दुपटीने मोठा, साधारण एक इंच लांब आणि अर्धा इंच रुंद, बसलेला असताना राखाडी-तपकिरी, त्यावर काळे ठिपके. लाल रंग त्याच्या मागच्या पंखांवर असतो आणि तो पंख उघडल्यावरच दिसतो. नारिंगी पंखावर पिवळसर पांढरे ठिपके, असं त्याच्या अंगावर कुठेच नाही.

फसवतं ते त्याचं पिल्लू. शेवटच्या टप्प्यातलं पिल्लू लालभडक असतं, त्यावर काळ्या रेघा आणि पांढरे ठिपके, आकारही आपल्या पतंगाच्या जवळपास, आणि दोघं एकाच झाडावर सापडतात! तर त्या वेळी हे करा: पंख आहेत का बघा. पिल्लाला पंख नसतात, पाठ उघडी, पाय लांब आणि कोळ्यासारखे बाहेर आलेले, आणि बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारतं. पतंग उडी मारत नाही, तो चालतो नाहीतर उडून जातो. लाल की नारिंगी, उघडी पाठ की गुंडाळलेले पंख, उडी की उड्डाण, या तीन गोष्टी बघितल्या की चूक होणार नाही.

मग मिल्कवीडवरचे ढेकूण. मोठा मिल्कवीड बग हाही नारिंगी-काळा असतो आणि सप्टेंबरमध्ये रुईच्या बोंडांसारख्या त्या मिल्कवीडच्या शेंगांवर घोळक्याने बसलेला दिसतो, मिल्कवीड हे आपल्या रुईच्याच कुळातलं. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके नसतात, पाठीच्या मधोमध एक जाड काळा पट्टा असतो आणि अंग चपटं. शरद ऋतूत उन्हाच्या भिंतीवर जे काळे, लाल रेघांचे किडे जमतात ते बॉक्सएल्डर बग, त्यांचा तर काही संबंधच नाही.

खरी बहीण शोभावी अशी एकच, ऑर्नेट बेला मॉथ. ही पण पतंगच, पिवळी-नारिंगी, पांढरे पट्टे, त्यात काळे ठिपके. पण नीट वाचा काय लिहिलंय ते: तिच्या पांढऱ्या पट्ट्यात काळे ठिपके असतात, आपल्या पतंगाच्या काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके असतात. म्हणजे एकदम उलट. शिवाय ती मोठी, तिचे मागचे पंख गुलाबी आणि ती पंख असे नळीसारखे गुंडाळत नाही. तिची अळी खुळखुळ्याच्या जातीतल्या झुडपांवर वाढते, तीच आपल्याकडची माळावरची पिवळ्या फुलांची, जिच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की बिया वाजतात.

लायकेन मॉथ म्हणून राखाडी-लाल किंवा राखाडी-पिवळ्या उभ्या रेघांचे पतंग दिव्यावर येतात, त्यांच्या रेघा अंगाच्या लांबीला जातात, आडव्या नाहीत आणि ठिपके नाहीत. एवढं पुरे.

चौथी पायरी: झाड शोधा, पतंग आपोआप सापडेल

मला स्वतःला हा पतंग खऱ्या अर्थाने कळला तो झाड कळल्यावर. त्याच्या आधी तो मला अधूनमधून, नशिबाने दिसायचा, झाड ओळखायला लागल्यापासून मी ठरवून जाते आणि बघून येते.

नावातलं एलँथस हे त्या झाडाचं नाव. इथे सगळे ट्री ऑफ हेवन म्हणतात. मूळ चीनचं झाड, १७८४ मध्ये फिलाडेल्फियाला विल्यम हॅमिल्टन नावाच्या बागप्रेमी माणसाने आणून लावलं, आणि आता तुम्ही जिथे गाडी पार्क करता तिथे कुंपणाशी उगवलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. रेल्वे रूळाच्या कडेने, हायवेच्या भिंतीच्या फटीत, बंद पडलेल्या दुकानामागे, जिथे दुसरं काही जगत नाही तिथे हे जगतं. त्याच्या मुळांतून आणि पानांतून असं रसायन जमिनीत जातं की शेजारी दुसरी रोपं वाढेनात, म्हणून इथले निसर्गप्रेमी लोक या झाडावर चिडून असतात.

ओळखायचं असं. पान संयुक्त, म्हणजे एका लांब दांड्यावर दोन्ही बाजूंनी बारक्या पानांच्या जोड्या, कडुनिंबासारखी मांडणी पण फार मोठी, एकेक पान एक फुटापासून तीन-चार फुटांपर्यंत. बारकी पानं डझनभर ते चाळीसपर्यंत असू शकतात. आता एक बारकं पान हातात घेऊन त्याची कड बघा. सगळी कड गुळगुळीत असेल आणि फक्त देठाजवळ एक-दोन छोटे दाते असतील, त्या दात्याखाली बारीक गाठीसारखं काहीतरी बोटाला लागेल, तर झाड हेच. सुमॅक नावाचं एक झुडूप अगदी असंच दिसतं पण त्याच्या पानाची कड पूर्ण करवतीसारखी असते. काळ्या अक्रोडाचं पानही लांबून सारखं वाटतं, त्याचीही कड बारीक दातेरी.

तरी शंका राहिली तर पान चुरगळून वास घ्या. खवट झालेल्या शेंगदाण्यांचा वास येतो, डब्यात तळाशी विसरलेला दाण्याचा कूट असतो ना, तो. एकदा तो वास घेतलात की परत पुस्तक उघडावं लागणार नाही. नंतर हात धुवा, काही जणांच्या कातडीला या झाडाचा चीक सोसत नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी जी मला फार आवडते. हे झाड चीनचं, मग अमेरिकेतल्या पतंगाला त्याची चटक कशी लागली? तर हा पतंग मुळात दक्षिण फ्लोरिडा आणि मध्य अमेरिकेकडचा, तिकडे त्याचं स्वतःचं झाड होतं, सिमारूबा, इंग्रजीत पॅराडाईज ट्री. सिमारूबा आणि ट्री ऑफ हेवन एकाच कुळातले, दोघांचा कडूपणा एकाच घराण्यातला. चीनचं झाड जसजसं अमेरिकाभर पसरलं आणि दक्षिणेत या पतंगाच्या हद्दीला भिडलं तसं याने त्याच्यावर अंडी घालायला सुरुवात केली आणि मग झाड जिथे जिथे तिथे तिथे हा, टेक्सासपासून थेट पूर्व कॅनडापर्यंत.

आणि ते सिमारूबा कोण माहितीये? आपलं लक्ष्मीतरू! महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तेलबियांचं झाड म्हणून ज्याचा प्रचार झाला तेच. आणि एलँथसचा सख्खा नातेवाईक तर आपल्या घराजवळच आहे, महारुख. विदर्भ-मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर उंच वाढणारा, मोठाल्या लांब पानांचा महारुख म्हणजे एलँथसचीच दुसरी जात. त्याच्यावर आपल्याकडे अ‍ॅटेव्हा फॅब्रिसिएला नावाचा पतंग येतो, याच पतंगाचा चुलतभाऊ, तोही नारिंगी आणि पांढऱ्या ठिपक्यांचा, त्याची अळीही पानं जाळ्यात गुंडाळून खाते. म्हणजे तुमचं गाव तिकडचं असेल तर लहानपणी तुम्ही याच्या घरच्या कोणाला तरी नक्की बघितलेलं असणार, फक्त नाव माहीत नव्हतं. पुढच्या वेळी भारतात गेलात की महारुखाखाली जरा थांबून वर बघा.

पाचवी पायरी: जाळं आणि अळ्या

झाड सापडलं ना, आता कोवळ्या फांद्यांची टोकं तपासा. खास करून जी पुन्हा फुटलेली, डोक्याएवढ्या उंचीची झुडूपवजा रोपं असतात ती, मोठ्या झाडाच्या शेंड्याकडे बघून मान दुखवून घेऊ नका. दोन-चार पानं रेशमाच्या विरळ धाग्यांनी एकत्र ओढून घेतलेली दिसतील, आत सुकलेले पानांचे तुकडे, विष्ठेचे काळे कण आणि बारीक अळ्या.

अळी सडपातळ, रंग फिकट तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत काहीही, पण पाठीवर एक रुंद हिरवट-तपकिरी पट्टा आणि बाजूने पांढऱ्या आणि शेवाळी अशा बारीक रेघा एकाआड एक. केस अगदी विरळ. वेबवर्म हे नाव या जाळ्यामुळेच पडलं, वेब म्हणजे जाळं.

याच्या जाळ्याची गंमत म्हणजे ते एकत्र कुटुंब असतं. मादी संध्याकाळच्या सुमाराला येऊन दुसऱ्यांच्या जाळ्यावरही अंडी घालून जाते, त्यामुळे एकाच जाळ्यात अंडी, बारक्या अळ्या, मोठ्या अळ्या, कोष आणि कधी कधी नुकताच बाहेर आलेला ओलसर पंखांचा पतंग असं सगळं एकदम बघायला मिळतं. मी मुलांना दाखवते तेव्हा हेच दाखवते, शाळेच्या पुस्तकात चार वेगळ्या चौकटीत काढलेलं जीवनचक्र इथे एका ओंजळीत दिसतं. अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत उन्हाळ्यात साधारण चार आठवडे लागतात, म्हणून एका मोसमात कितीतरी पिढ्या होतात.

जाळं दिसलं म्हणून लगेच हाच असं समजू नका मात्र. वसंतात चेरीच्या झाडावर फांद्यांच्या बेचक्यात जो पांढरा तंबू दिसतो तो टेंट कॅटरपिलरचा. उन्हाळा संपताना फांद्यांच्या टोकाला जे मोठं, घट्ट, मच्छरदाणीसारखं जाळं लटकतं आणि आत केसाळ अळ्या असतात ते फॉल वेबवर्मचं, आणि ते शेकडो प्रकारच्या झाडांवर येतं. आपल्यावाल्याचं जाळं विरळ आणि इथे उत्तरेत फक्त ट्री ऑफ हेवनवर. म्हणून म्हटलं, झाड ओळखा.

बघून झालं की जाळं जसं होतं तसं राहू द्या. काठीने उसकटू नका.

सहावी पायरी: केव्हा आणि कुठे उभं राहायचं

न्यू जर्सीत मला हा जूनपासून दिसायला लागतो, पण तेव्हा एखाददुसरा. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत खरी मजा. कारण हा उत्तरेतली थंडी काढूच शकत नाही. हिवाळ्यात इकडचे सगळे मरतात, दक्षिणेतल्या उबदार भागात जे राहतात त्यांची पिलावळ दर वर्षी वसंतात पुन्हा उत्तरेकडे सरकत येते, पिढीमागून पिढी, म्हणून जितकं उत्तरेला राहाल तितका उशिरा दिसेल. टेक्सास, फ्लोरिडावाल्यांनी माझ्या तारखांवर जाऊ नका, तुमच्याकडे तो खूप आधीपासून असणार. टोरोंटोवाल्यांनी उन्हाळा संपायला आल्यावर शोधा.

दिवसा उघडा फिरणारा पतंग आहे हा, रात्रीचीच वाट बघायला नको. दुपारी गोल्डनरॉडच्या पिवळ्या तुऱ्यांवर जा, रस्त्याच्या कडेला सप्टेंबरमध्ये सगळीकडे फुललेलं असतं. मिल्कवीड, जो-पाय वीड, बोनसेट, पांढरी रानशेवंती, बारक्या बारक्या फुलांचे गुच्छ असलेलं काहीही याला आवडतं, मध पितो आणि जाताजाता परागीकरणही करतो. खात असताना तो शांत असतो, तुमची सावली अंगावर पडू दिली नाही तर वीतभर अंतरापर्यंत जाता येतं.

रात्री बघायचं असेल तर पोर्चचा दिवा चालू ठेवा, नाहीतर जुनी पांढरी चादर दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगा आणि तिच्यावर लाईट टाका, हा पण येतो आणि त्याच्यासोबत इतर शंभर जण येतात. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात नॅशनल मॉथ वीक असतो, तो २०१२ मध्ये इथेच न्यू जर्सीच्या ईस्ट ब्रन्सविकमध्ये सुरू झाला, एडिसनपासून अगदी हाकेच्या अंतरावर, आणि आता भारतातही लोक तो साजरा करतात. मुलांना घेऊन जायला याच्यापेक्षा स्वस्त आणि चांगला कार्यक्रम मला तरी माहीत नाही.

सातवी पायरी: फोटो आणि नोंद

फोटो तीन काढा. एक सरळ वरून, म्हणजे चार पट्टे मोजता येतील. एक बाजूने, म्हणजे नळीसारखा आकार आणि पाय दिसतील. तिसरा जरा मागे येऊन, तो कशावर बसलाय ते फूल किंवा पान कळेल असा. फ्लॅश मारू नका, पांढरे ठिपके चमकून सगळे एक होतात आणि मग कोणालाच ओळखता येत नाही. शेजारी बोट किंवा नाणं ठेवता आलं तर ठेवा, आकाराचा अंदाज येतो, पण त्याला हुसकावून नको.

मग आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राण्यांचे फोटो टाकून ते ओळखायच्या अ‍ॅपवर टाका, तारीख आणि जागेसकट. अ‍ॅप बहुतेक वेळा लगेच बरोबर नाव सुचवतं कारण हा पतंग ओळखायला सोपा आहे, तरी नुसतं मान्य करू नका, स्वतः पट्टे मोजून मग होय म्हणा. जागा लिहिताना घराचा नेमका पत्ता उघडा ठेवायचा नसेल तर ठिकाण पुसट करायची सोय तिथे आहे, ती वापरा.

नावाचा एक गोंधळ होईल म्हणून सांगते. जुन्या पुस्तकात, जुन्या लेखात हा पतंग अ‍ॅटेव्हा पंक्टेला या नावाने सापडेल. चूक तुमची नाही. १८५६ मध्ये आसा फिच या न्यूयॉर्क राज्याच्या पहिल्या सरकारी कीटकशास्त्रज्ञाने याला ऑरिया नाव दिलं होतं, नंतर बरीच वर्षं सगळे पंक्टेला म्हणत राहिले, आणि २०१० मध्ये डीएनए बारकोड (डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखायची पद्धत), अंगाची ठेवण आणि राहणीमान असं सगळं ताडून बघितल्यावर कळलं की एक जात समजत होतो त्या प्रत्यक्षात दोन आहेत. दक्षिणेकडची ती अ‍ॅटेव्हा पुस्टुलेला, आणि अमेरिकेतला आपला हा तो जुनाच ऑरिया. दीडशे वर्षांनी पहिलं नाव परत मिळालं, मला हे वाचून खूप बरं वाटलं होतं. कुटुंबही बदललं, आधी याला इपोनोम्युटिडी कुळात धरायचे, आता याचं स्वतःचं अ‍ॅटेव्हिडी. अमेरिकेतल्या पतंगांना जे यादीतले नंबर असतात त्यात याचा नंबर २४०१, काही साईटवर तो टाकला की थेट पान उघडतं.

आणि शेवटी तो मेसेजवाला प्रश्न, मारू का

नाही. घरात आला तर ग्लास उपडा ठेवा, खालून कागद सरकवा आणि बाहेर सोडा. तो कपडे खात नाही, धान्यात होत नाही, बागेतल्या टोमॅटो-मिरचीला हात लावत नाही. त्याची अळी इथे ज्या झाडाची पानं खाते ते झाड लोकांना नकोच आहे. मात्र वेबवर्म त्या झाडाचा बंदोबस्त करेल अशी आशाही धरू नका, पानं खाल्ली जातात, रोपटी थोडी मागे पडतात, मोठं झाड त्याने मरत नाही.

तुमच्या स्वतःच्या बॅकयार्डमध्ये ट्री ऑफ हेवन निघालं आणि ते काढायचंच असेल, तर नुसतं बुंध्यापासून तोडू नका, तोडलं की मुळांमधून चहूबाजूंनी डझनभर फुटवे येतात आणि काम दहापट वाढतं. आधी काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला, म्हणजे शेती-बागेबद्दल सल्ला देणाऱ्या ऑफिसला फोन करून पद्धत आणि वेळ विचारा. आणि तोडणारा माणूस यायच्या आदल्या दिवशी खालच्या फांद्यांची टोकं एकदा बघून घ्या, जाळ्यात कोष असले तर त्या दोन-तीन डहाळ्या कापून बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा, बरणी उन्हात ठेवू नका. काही दिवसांत सकाळी उठून बघाल तर बरणीच्या काचेवर चार पट्ट्यांचा नवा कोरा पतंग बसलेला असेल, पंख वाळू द्या आणि मग गोल्डनरॉडवर नेऊन सोडा.